जास्तीचे दहा दिवस

गौरी उठल्या आणि कडूबाच्या शेडनेटमध्ये मिरचीचं क्रॉसिंग सुरू झालं. फर्दापूरच्या अलीकडं डोंगराच्या पायथ्याला जांभळवाडी आहे. तिथं दहा-बारा घरांनी अशी जाळीची घरं उभी केलीत आणि आत बियाण्याची मिरची लावलीय. काम नाजूक असतं. उद्या उमलणारी कळी आज संध्याकाळी हेरायची, चिमट्यानं उघडून तिच्यातले नर, म्हणजे पुंकेसर, काढून टाकायचे. सकाळी दुसऱ्या वाणाच्या फुलाचे पराग, म्हणजे पावडर, तिच्या टोकाला लावायची आणि देठाला दोरा बांधायचा. दोरा बांधला की लग्न लागलं, असं कडूबाची आई यमुनाबाई म्हणायची. दर आठवड्याला दोऱ्याचा रंग बदलतो, म्हणजे फळ किती दिवसांचं ते कुणालाही कळावं.

कडूबाला दोरा बघायचीही गरज पडायची नाही. देठाचा बाक बघून तो दिवस सांगायचा आणि सहसा चुकायचा नाही. म्हणून तर बियाण्याच्या कंपनीनं त्याला मे महिन्यात कर्नाटकात नेलं होतं, तिथल्या मजुरांना काम शिकवायला. दोन महिने राहून चार जुलैला तो परत आला. वाडीत त्याचा भाव वाढला होता आणि ते त्यालाही चांगलं ठाऊक होतं.

पण हाताचं म्हणाल तर त्याची बायको द्वारका त्याच्या चार पावलं पुढं होती. तिचा चिमटा कळीत गेला कधी आणि आला कधी, बघणाऱ्याला कळायचं नाही. तिनं जोडलेली शंभर फुलं मोजली तर नव्वद धरायची. कडूबाची ऐंशी धरायची, आणि तो वाडीतल्या सगळ्यांना शहाणपण शिकवायचा.

यंदा सप्टेंबरात पावसानं पिच्छा पुरवला. जाळीतून सारखं पाणी ठिबकायचं, पावडर बल्बखाली ठेवली तरी वाळायची नाही, जोडलेलं फूल दुसऱ्या दिवशी गळून पडायचं. अशा दिवसांत एकेक हात मोलाचा. आणि नेमका तेव्हाच कडूबा बायकोला म्हणाला, "उद्यापासून तू जाळीत येऊ नको."

द्वारका भाकरी थापत होती. तिनं हात थांबवला नाही. "का?"

"फवारणी असती."

"फवारणी आठ दिवसाला असती. त्या दिवशी नाय येणार. मला दिवस गेल्यात, माझे हात गेले नाय."

"सांगितलं ना एकदा."

यमुनाबाईनं कोपऱ्यातून मुलाची बाजू घेतली. पोरगा बायकोला जपतोय असं तिला वाटलं. लग्नानंतर तीन वर्षांनी पाळणा हलणार होता, म्हातारी हवेत होती. "ऐक गं त्याचं," ती म्हणाली, "आमच्या टायमाला कुणी एवढं म्हणलं नाय."

द्वारकानं भाकरी तव्यावर टाकली आणि नवऱ्याकडं पाहिलं. तो उंबऱ्याकडं बघत होता. दोन दिवसांपासून तो असाच कुठंतरी बघत होता.

जपण्याचा त्यात काही संबंध नव्हता. झालं होतं ते असं. नऊ सप्टेंबरला द्वारका तालुक्याच्या दवाखान्यात पहिल्या तपासणीला गेली होती. गावातल्या उपकेंद्राच्या अनिसा सिस्टर वाडीतल्या तिघी-चौघींना जीपमधून घेऊन गेल्या. संध्याकाळी द्वारकानं चिठ्ठी आणून देवळीत ठेवली. कडूबानं ती हौसेनं उघडली. वरती इंग्रजी तीन अक्षरं आणि त्यापुढं तारीख, चोवीस जून. खाली लिहिलं होतं, अकरा आठवडे.

दुसरा कुणी असता तर चिठ्ठी घडी करून ठेवली असती आणि पेढ्याच्या गोष्टी केल्या असत्या. पण हा क्रॉसिंगवाला. याच्या लेखी तारीख म्हणजे जोडल्याची तारीख, दुसरी तारीखच नसते. त्यानं भिंतीवरचं कॅलेंडर काढलं आणि बोट ठेवून मोजलं. चोवीस जून ते नऊ सप्टेंबर सत्याहत्तर दिवस, बरोबर अकरा आठवडे. मग चार जुलैपासून मोजलं. सदुसष्ट. परत मोजलं, परत सदुसष्टच. दहा दिवस जास्तीचे होते, आणि त्या दहा दिवसांत तो कर्नाटकात होता.

विचारायचं कुणाला? बायकोला विचारलं तर काय विचारणार? आईला सांगितलं तर घर पेटेल. त्यानं कॅलेंडर खिळ्याला अडकवलं आणि बाहेर जाऊन ओट्यावर बसला. द्वारकानं त्याला मोजताना चुलीजवळून पाहिलं होतं, हे त्याला कळलं नाही.

त्यानंतर तो तिच्या समोरच्या ओळीत बसू शकेना. समोर बसलं की तिचे हात दिसत, एकेक कळी जपून उघडणारे, आणि त्याच्या डोक्यात दहा दिवस फिरू लागत. कोण असेल? खतं आणणारा टेम्पोवाला? तिच्या माहेरच्या गल्लीतला कुणी? ज्याचं नाव मनात येई त्याच्याबद्दल पुढच्या घटकेला त्याची त्यालाच लाज वाटे. तरी डोकं थांबत नव्हतं. म्हणून तिलाच जाळीबाहेर काढलं.

लोक मात्र अभिनंदन करत होते. शेजारचा अप्पाराव मोठ्या तोंडाचा माणूस. पारावर सगळ्यांदेखत म्हणाला, "कडूबा गड्या, तुझ्या हाताला गुण हाय बरं का! दोन महिने नव्हता तर कायबी नाय, आला आन् लगी दोरा बांधला."

सगळे हसले. कडूबाही हसला, पण कान तापले. हाच विनोद एरवी त्यानं आठ दिवस छाती फुगवून मिरवला असता. बाप होणाऱ्या माणसाचा जो रुबाब असतो तो त्याच्या वाट्याला आला होता आणि त्याला तो घेता येत नव्हता. लोकांना वाटलं, पोरगा लाजाळू झालाय.

महिना गेला. द्वारका घरात बसून नर-फुलं सोलायची, पावडर चाळायची, चकार शब्द बोलायची नाही. यमुनाबाई डिंकाचे लाडू करायची आणि ते डब्यातच राहायचे. कडूबा पहाटेच जाळीत जायचा, दुपारची भाकरी तिथंच मागवायचा. त्याच्या एकट्याच्या हातानं काम उरकत नव्हतं. कळ्या न जोडता उमलून वाया जात होत्या आणि जाळीत पांढऱ्या फुलांचा सडा पडत होता. चिमटा धरून त्याचं बोट सुजलं होतं.

सहा ऑक्टोबरला सकाळी अनिसा सिस्टर स्कूटीवरून वाडीत आल्या. पंचेचाळिशीची बाई, अकरा वर्षं याच उपकेंद्रावर. वाडीतली अर्धी पोरं त्यांच्या सुईला रडलेली. द्वारकाला इंजेक्शन दिलं, वजन केलं, आणि काट्याकडं बघतच राहिल्या. महिन्यात दीड किलो उतरलं होतं.

"उलट्या होतायत?"

"नाय."

"जेवतेस?"

"जेवते."

"झूट." सिस्टरनी पिशवी आवरली. "नवरा कुठं हाय?"

"जाळीत."

सिस्टर शेडनेटपाशी आल्या, चपला बाहेर काढल्या, दारातल्या बादलीत हात धुतले. नियम त्यांना माहीत होता. कडूबा तिसऱ्या ओळीत उकिडवा बसला होता. त्यांना बघून उठला. "सिस्टर, तुमी इथं?"

"हौ. काम चालू द्या, मी बघते." त्या बांधावर बसल्या. "अकरा साल झाले, रोज बघते ही जाळी. आत काय करता ते कधी कुणी सांगितलं नाय."

कडूबाला कामाबद्दल कुणी विचारलं की राहवत नसे. त्यानं चिमटा दाखवला, कळी उघडून दाखवली, पावडरची बाटली दाखवली. पिवळा दोरा बांधलेली लहानशी मिरची बोटावर उचलून म्हणाला, "ही बघा, वीस दिवसांची. पंचावन्नाव्या दिवशी लाल व्हती. एक दिवस मागंपुढं."

"मोजता कधीपासून?"

"जोडल्या दिवसापासून. दोरा बांधला तो पहिला दिवस."

"आणि दोरा बांधायच्या आधीचे दिवस? कळी व्हती, फूल व्हायचं व्हतं, ते नाय धरत?"

"ते कशाला धरायचे? तवा आत काय नसतं."

वर जाळीवर पावसाची भुरभुर वाजत होती. मग सिस्टरनी साध्या आवाजात विचारलं, "कडूबाभाऊ, चिठ्ठी वाचली ना तुमी द्वारकाची?"

कडूबाच्या हातातला चिमटा थांबला.

"किती दिवसांचा फरक आला?"

खाली वाकून त्यानं ओल्या मातीत बोटानं रेघ ओढली. महिनाभर जे आईला सांगितलं नाही, देवापुढं बोललं नाही, ते या बाईनं नाडी बघावी तसं सहज विचारलं होतं. रेघ पुसून तो म्हणाला, "दहा."

"या अल्ला," सिस्टर म्हणाल्या, पण ओरडल्या नाहीत. "बसा खाली. बसा म्हणते. आता माझं ऐका. तुमच्या मिरचीला तुमी दोरा बांधता, म्हणून दिवस ठाऊक असतो. बाईच्या पोटात दोरा बांधायला कोण जातं? कोणत्या दिवशी जुळलं ते तिलाबी कळत नाय, तुमालाबी नाय, डाक्टरलाबी नाय. मग मोजायचं कुठून? तर बाईला जी पक्की ठाऊक असती ती एकच तारीख. शेवटची पाळी कधी आली. तिथून मोजतात सगळे. चिठ्ठीवर चोवीस जून लिवलंय ती पाळीची तारीख. पहिले दोन आठवडे पोटात कायच नसतं. तुमच्या कळीसारखं. तरी ते धरायचे असतात. मुंबईला जा, दिल्लीला जा, असंच मोजतात."

कडूबा उकिडवा बसला होता, तसाच पुढं सरकला.

"चोवीस जूनला ती बाजूला बसली व्हती. तुमी चार जुलैला आलात. आता मोजा की, मोजण्यात तर हुशार आहात."

त्यानं मोजलं. ओठ हलत होते. चोवीस जून, त्यात चौदा मिळवले, आठ जुलै. आठ जुलैला तो घरी होता. आठ जुलैला पहिला मोठा पाऊस होऊन गेला होता आणि दोघांनी मिळून जाळीचा फाटका कोपरा शिवला होता, हेसुद्धा त्याला आठवलं. उकिडवा बसलेला माणूस तो मातीत फतकल मारून बसला आणि दोन्ही हातांनी तोंड झाकून घेतलं. लाज वाटली, साधीसुधी नाही. आणि त्या लाजेच्या तळाशी एवढा आनंद होता की त्याला हुंदकाच फुटला.

सिस्टरनी त्याला रडू दिलं. पुरुष माणूस रडतोय म्हणून तोंड फिरवलं नाही की पाठ थोपटली नाही. बसून राहिल्या.

"म्या लई वंगाळ विचार केला, सिस्टर."

"केला. खामखा केला. पण एक सांगते, या वाडीत मी शंभर बाळंतपणं बघितली. बाईच्या पोटात काहीतरी असतं, तिला उलटी व्हती, कळ येती, तिला ठाऊक असतं. बाप्याच्या हातात काय? एक चिठ्ठी. ती बघून तो भितो. कुणी दारू पितो, कुणी शिव्या देतो, कुणी घरीच येत नाय. तुमी मोजत बसलात. भीती सगळ्यांना असती, बोलत कुणी नाय."

"मला वाटायचं, मला खुशी का व्हत नाय? सगळे म्हणत्यात बाप व्हणार, बाप व्हणार, आन् माझ्या आत कायबी हालत नाय."

"हालंल. दवाखान्यात आत या. बाकीच्या नवऱ्यांसारखं दारात गाडी लावून तंबाखू मळत उभं राहू नका. ठोका ऐका लेकराचा. गोळ्या तुमी द्या तिला, रोज, हातावर. वजन तुमी लिवून ठेवा. तुमाला मोजायची हौस हाय ना? ते मोजा." सिस्टर उठल्या, मागची माती झटकली. "आणि हे मी द्वारकाला सांगणार नाय. तुमी सांगायचं. तिचं दीड किलो वजन उतरलंय, त्याचं औषध माझ्या पिशवीत नाय."

दोन दिवस कडूबानं ते सांगायचं लांबवलं. पहिल्या दिवशी त्यानं गोळी आणि पाण्याचा तांब्या नेऊन दिला. द्वारकानं गोळी घेतली, तांब्या घेतला, तोंडाकडं बघितलं नाही. दुसऱ्या दिवशी तो म्हणाला, "जाळीत चल. हात पुरंना."

"फवारणी संपली का?"

"संपली."

ती आली. महिन्यानं आली होती. वाया गेलेली फुलं बघून तिच्या कपाळाला आठी पडली. पदर खोचून ती ओळीत बसली आणि चिमटा घेतला. कडूबा तिच्या समोर बसला. पाऊस उघडला होता, जाळीतून पांढरा उजेड येत होता. त्यानं पाच-सहा फुलं जोडली आणि सातवं हातात घेऊन तसाच थांबला.

"द्वारके, म्या त्या चिठ्ठीवरचे दिवस मोजले व्हते."

"ठाऊक हाय."

"तसं नाय. दहा दिवस जास्ती आले म्हणून..."

"ठाऊक हाय म्हणलं ना." तिचा चिमटा चालूच होता. "म्या बघितलं तुमाला कॅलेंडर काढताना. बोट कुठं थांबलं तेबी बघितलं."

कडूबाचा चेहरा उतरला. "मग बोलली का नाय?"

तेव्हा तिनं चिमटा खाली ठेवला.

"मलाबी तसंच वाटलं व्हतं. म्याबी क्रॉसिंगवालीच हाय. जीपमध्ये चिठ्ठी वाचली आन् माझं काळीज धडधडलं. म्हणलं, हे कसं? आपण तर एकलं व्हतो. म्हणलं, डाक्टरीण चुकली, का माझ्या अंगात काय बिघाड हाय? तिथंच सिस्टरला इचारलं. पाच मिनिटांत कळलं. सिस्टर हसली, म्हणली, तुमी मिरचीवाले सगळे असंच मोजणार." ती थांबली. तिचा आवाज चढला नव्हता, पण त्यात धार होती. "म्या पाच मिनिटांत इचारलं. तुमाला एकोणतीस दिवस लागले. आन् तेबी मला नाय इचारलं."

"तू सांगायचं की मग मला."

"म्या का सांगू? म्या काय चोरी केली? तुमी इचारलं असतं तर राग आला असता, पण सांगितलं असतं. न इचारता मला जाळीतून काढलं. माझं काम काढून घेतलं. म्हातारी म्हणती, जपतो. म्या खाली मान घालून ऐकलं. मनात म्हणलं, इचारंस्तवर तोंड उघडणार नाय."

कडूबानं हात जोडले. खरेच जोडले, पावडर लागलेले. "चुकलो. पाया पडतो तुझ्या."

"पाया पडून मोकळे व्हाल. ते नको मला." द्वारकानं पुन्हा चिमटा उचलला. "पुढल्या महिन्यात मोठी तपासणी हाय. तिथं आत यायचं. बायकांत बसायचं. जे इचारत्याल त्याचं उत्तर तुमी द्यायचं, लाज न धरता. बघू किती बाप आहात ते."

तिला एवढं बोलताना कडूबानं कधी ऐकलं नव्हतं. भीती वाटावी तसा तो तिच्याकडं बघत राहिला आणि त्याला पहिल्यांदा वाटलं, हिच्या पोटी जे येईल ते कुणापुढं वाकणार नाही. त्या विचारानं त्याची छाती भरून आली.

ती लगेच विरघळली असं मात्र नाही. पंधरा दिवस ती कामापुरतंच बोलली. रोज सकाळी बाजूच्या ओळीत बसायची आणि दुपारपर्यंत त्याच्यापेक्षा पन्नास दोरे जास्त बांधायची. मुद्दाम मोजून दाखवायची. कडूबा हरायचा आणि आईला सांगायचा, आज पुन्हा हरलो. तो गोळ्या द्यायचा, शनिवारी उपकेंद्रात नेऊन वजन करायचा आणि शेडनेटच्या वहीत मागच्या पानावर लिहायचा. लाडवांचा डबा दसऱ्यानंतर रिकामा होऊ लागला. उतरलेलं दीड किलो दिवाळीपर्यंत भरून आलं आणि वर दोन चढलं. हा आकडा कडूबानं अप्पारावलाही ऐकवला. अप्पाराव म्हणाला, आम्हाला काय करायचंय तुझ्या बायकोच्या वजनाशी. तरी त्यानं पूर्ण ऐकवला.

दहा नोव्हेंबरला दोघं मोटारसायकलवरून तालुक्याच्या दवाखान्यात गेले. अनिसा सिस्टर आधीच पोचल्या होत्या. तपासणीच्या खोलीबाहेर लांब बाकावर पंधरा-वीस बायका बसल्या होत्या, आणि त्यांचे नवरे बाहेर लिंबाखाली. कडूबाचे पाय दारात अडखळले. द्वारका पुढं गेली, बाकावर बसली आणि शेजारची जागा हातानं झटकली. तो गेला आणि बसला. बायकांनी पदर सावरले, एकमेकींना कोपर मारले. एक म्हातारी तर उघडच म्हणाली, "हा बाप्या इथं काय करतोय?"

नंबर आला. दारातच टेबल होतं, तिथली बाई वर न बघता कागद भरत होती. नाव, गाव, वय झालं.

"शेवटची पाळी कधी आली होती?"

द्वारकानं ओठ मिटले आणि नवऱ्याकडं पाहिलं.

"चोवीस जून," कडूबा म्हणाला. चांगला मोठ्यानं, बाहेर बाकापर्यंत जाईल असा. मागं कुणीतरी खुदकन हसलं.

टेबलावरच्या बाईनं मान वर केली. "अहो, त्यांना सांगू द्या. पुरुषांना काय माहीत असतं?"

"मला माहीतय, मॅडम. चोवीस जूनला म्या कर्नाटकात व्हतो. चार जुलैला घरी आलो. तरी मोजायचं चोवीस जूनपासूनच असतं. आज एकशे एकोणचाळीस दिवस झाले. एकोणीस आठवडे सहा दिवस. उद्या वीस पुरे व्हत्यात."

बाईनं समोरची आठवडे मोजायची गोल तबकडी फिरवली, तारखेवर बोट ठेवलं, पुन्हा एकदा बघितलं आणि तोच आकडा कागदावर लिहिला. भिंतीशी उभ्या असलेल्या अनिसा सिस्टरनी कपाटाकडं तोंड वळवलं, पण त्यांचे खांदे हलत होते. कडूबाच्या कानशिलावर घाम आला होता. तो सरळ उभा होता.

बाकावरची ती म्हातारी आता दारापर्यंत आली होती. तिनं द्वारकाला डोळ्यानं खुणावत विचारलं, "कोण गं हा? लई बोलतोय."

द्वारकानं पदर पोटावरून नीट घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाली, "लेकराचा बाप हाय."